रंध्याची मूठ

काकींच्या सासऱ्यांचा सावकारीतला नियम एकच, आणि तो ते जेवताना, दाढी करताना, अगदी शिंक येता येता थांबूनसुद्धा सांगत: कुणाचं हत्यार गहाण घ्यायचं नाही. भांडं घ्या, घड्याळ घ्या, बायकोच्या कानातलं घ्या, कुणी दाराची कडी उपटून आणली तर तीही घ्या. पण करवत नको, शिलाई मशीन नको, न्हाव्याची पेटी नको. माणूस मोठा दयाळू होता म्हणून नव्हे. हत्यार आपल्या खोलीत कुलपात पडलं तर गिऱ्हाईक कमावणार कशावर आणि फेडणार कशातून, एवढाच त्यांचा सवाल होता.

सासरे गेले आणि धंदा काकांकडे आला. काका म्हणजे काकींचे यजमान. त्यांना कुणाकडे पैसे मागायचे म्हटलं की घशात घास अडकल्यासारखं व्हायचं. वसुलीला जायचे, त्याच घरी चहा प्यायचे आणि त्यांच्या लेकीच्या हातावर नाणं ठेवून रिकामे परत यायचे. अशी दोन वर्षं काढल्यावर काकींनी खोलीची किल्ली आपल्या कमरेला लावली. काकांनाही हायसं वाटलं. त्या दिवशी ते दोन घास जास्तच जेवले.

पुढची बारा वर्षं धंदा बरा चालला. गाव छोटं, कर्जं छोटी. कुणाला छपरासाठी, कुणाला बाळंतपणासाठी. काकींचं स्वतःचं भांडवल थोडं, बाकीचं नदीपलीकडच्या शहरातल्या पेढीकडून उचललेलं. घराचे कागद पेढीच्या कपाटात आणि दर महिन्याचा हप्ता. एकुलती एक मुलगी त्याच शहरात नर्सचं शिकायला होती, दुसऱ्या वर्षाला. काकी चारचौघींत तिचं नाव काढत नसत, पण बोलणं फिरवून फिरवून तिथेच आणत.

मग नदीला मोठं पाणी येऊन गेलं आणि पुलाचा मधला खांब खचला.

पूल पडला असता तर एक वेळ बरं, नवा तरी बांधला असता. तो नुसता वाकला. दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवले गेले, पायी माणूस जाईल, सायकल जाईल, ट्रक जाणार नाही. आणि सगळं गाव तर ट्रकवरच जगत होतं. सुताराची दारं-चौकटी, खोकीवाल्याची फळांची खोकी, शिंपीणबाईंच्या गठ्ठ्यांनी शिवलेल्या पिशव्या, सगळं ट्रकमध्ये चढून पलीकडच्या बाजारात जायचं. आता ट्रक लांबच्या रस्त्यानं यायला दिवस लागायचा. एका आठवड्यात एक आला, मग तोही येईना.

पहिल्या दोन महिन्यांत काकींची खोली भांड्यांनी भरली. तिसऱ्या महिन्यात लोकांकडे आणायला भांडी उरली नाहीत आणि काकींकडे ठेवायला जागा उरली नाही. भांडी विकावीत तर घेणार कोण? जो तो विकणाराच. पेढीचा हप्ता काकींनी आपल्या बांगड्यांतून भरला. पुढचा हप्ता कशातून, या विचारानं त्या चुलीपुढे बसल्या की दूध उतू जायचं.

त्याच दिवसांत शिंपीणबाई मशीन घेऊन आल्या. चाकाच्या गाडीवर, वर चादर झाकून, जणू मशीन आजारी आहे.

काकींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंना दिसायचं अगदी अंधूक, पण कान असे की गल्लीतून कोण गेलं ते चपलेवरून सांगायच्या. त्या दाराशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "चाक कुरकुरतंय. मशीन आहे ना? तुझा सासरा हत्यार घेत नव्हता."

"मामंजींच्या वेळी पूल सरळ होता," काकी म्हणाल्या आणि मशीन आत घेतलं.

मग दार उघडलंच. न्हाव्याची पेटी आली, गवंड्याची थापी आणि ओळंबा आला, कल्हईवाल्याचा भाता आला. एक दिवस सुतार आला. सुतार काकांचा लहानपणापासूनचा सोबती. या घराचा दरवाजा त्याच्या हातचा, मुलीचा पाळणा त्याच्या हातचा. काकींना तो वहिनी म्हणायचा, आणि आल्यावर हमखास विचारायचा, वहिनी, पाळणा अजून रिकामाच का? काकींना हसू यायचं आणि रागही यायचा. त्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही. हत्यारांची लांब पेटी खांद्यावरून उतरवली, झाकण उघडलं आणि एकेक वस्तू फळीवर मांडली: दोन करवती, तासायला वाकस, पाच पटाशा, काटकोन बघायला गुण्या, हातोडी. शेवटी रंधा. तो मात्र फळीवर न ठेवता काकांच्या हातात दिला.

"बाबांचा आहे," तो म्हणाला. "पावसात ओल लागू देऊ नका, एवढंच."

सुताराच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धा होता. पंधराव्या वर्षी करवतीखाली गेलेला. बापानं तेव्हा नवा रंधा घडवला होता, धड आणि मूठ एकाच ओंडक्यातून, आणि मुठीला एका बाजूनं उंचवटा ठेवला होता, अर्ध्या अंगठ्याला टेकायला. तीस वर्षांत त्या उंचवट्यावर अंगठ्याचा खळगा पडला होता. काकींना हे सगळं माहीत होतं. म्हणजे ऐकलेलं होतं. ऐकलेलं आणि माहीत असलेलं यांत किती अंतर असतं हे त्यांना पुढे कळायचं होतं.

महिनाभरात सासऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं. हत्यारं कुलपात, माणसं पारावर. व्याजाचा पैसा येईना. पेढीवाल्यानं निरोप पाठवला, अगदी गोड शब्दांत, की कागद बाहेर काढायची वेळ येऊ नये.

वाट सापडली ती शिंपीणबाईंमुळे. त्यांना एक झगा शिवायला मिळाला होता. त्या आल्या आणि म्हणाल्या, काकी, इथेच ओट्यावर बसून शिवते, मशीन काही पळवत नाही, शिलाईतलं थोडं तुम्ही घ्या. काकींनी मशीन बाहेर काढलं. दिवसभर घरात टकटक टकटक चालली, सासूबाई खुशीत ऐकत बसल्या. संध्याकाळी शिंपीणबाईंनी दोन नाणी फळीवर ठेवली. काकी त्या नाण्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग काकांना म्हणाल्या, भिंतीला खुंट्या ठोका.

काकांनी खुंट्या ठोकल्या, अठ्ठावीस. आणि नवा धंदा सुरू झाला. सकाळी ऊन अंगणात उतरलं की ज्याचं त्यानं यायचं, दोन नाणी ठेवायची, आपलं हत्यार दिवसाच्या भाड्यानं न्यायचं. दिवे लागायच्या आत परत आणायचं. मूळ कर्ज तसंच, व्याज थांबवलेलं, फक्त भाडं. लोकांना ते सोपं वाटलं. व्याज डोंगरासारखं वाढतं, दोन नाणी ही दोनच असतात. कुणी तर काकींना हातही जोडले. काकींनी ते हात बघून मान वळवली, कारण आपल्याच वस्तूचं भाडं भरून वर हात जोडणारी माणसं बघायला त्यांना जड गेलं. पण नाणी घेतली.

सकाळी अंगणात रांग लागायची. गवंडी, न्हावी, कल्हईवाला, सुतार. पुरुषमाणसं एकमेकांकडे न बघता उभी राहायची, दवाखान्यात उभी राहतात तशी. न्हावी तेवढा थट्टा करायचा. म्हणायचा, माझी कात्री माहेरी आली की फार लाडावते, सासरी नांदत नाही. लोक हसायचे, पण जरा जास्तच हसायचे. सासूबाई दाराशी बसून आवाजावरून सांगायच्या, ही थापी गेली, ही पेटी गेली.

संध्याकाळी हत्यारं परत आली की काकींचं खरं काम सुरू व्हायचं. खोली दमट होती. एका रात्रीत पात्यावर गंज धरायचा. काकी तेलाची वाटी आणि जुनं फडकं घेऊन बसायच्या आणि एकेक वस्तू पुसायच्या. चुन्यानं थापीच्या कडा खाल्लेल्या, न्हाव्याच्या कात्रीत केस, सुताराच्या पेटीत भुसा. हातांना लोखंडाचा वास लागायचा, तो जेवतानाही जायचा नाही. पण त्या हयगय करत नव्हत्या. कुणी म्हणू नये की काकींकडे वस्तू खराब झाली. याचा त्यांना थोडा अभिमानही होता, आणि तोच पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचला.

भाड्यात हप्ता जेमतेम निघायचा. ज्याला काम नसेल तो यायचा नाही, त्या दिवशी त्याची खुंटी काही कमवायची नाही. म्हणून काकींनी दुसरा नियम घातला. ऊन तिसऱ्या पायरीवर आलं आणि मालक आला नाही, तर ते हत्यार ज्याला हवं त्याला, दुप्पट भाड्यानं. काका म्हणाले, "हे जरा…" आणि पुढे काही बोलले नाहीत. काकांची निम्मी वाक्यं अशीच संपायची. काकींनी उरलेलं निम्मं ऐकायचं सोडून दिलं होतं.

अशात सुताराला मोठं काम मिळालं. गावातल्या दवाखान्याची चार दारं. वर्षभरात असं काम कुणाला मिळालं नव्हतं. त्यानं ते काकांना सांगितलं तेव्हा तो पुन्हा पाळण्यावरून बोलला आणि काकी मोकळ्या हसल्या. दारं वेळेत झाली तर अर्धं कर्ज एकदम फिटणार होतं. तीन आठवड्यांची मुदत.

दोन दारं झाली आणि सुतार तापानं पडला.

त्याची बायको आली. अंगणात रांगेत न थांबता थेट मागच्या दारानं आली, बायका येतात तशी. म्हणाली, ताप उतरतोय, दोन-तीन दिवसांत येतील, पेटी तेवढी कुणाला देऊ नका. भाडं हवं तर या दिवसांचंही देऊ. काकी म्हणाल्या, भाडं कसलं, पेटीला कोण हात लावतंय, तू त्यांना पेज दे आणि झोपू दे. त्यांनी तिला लिंबंही दिली.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी खोकीवाला आला. त्याला शहरातल्या दुकानदाराकडून एका लांब फळीचं काम आलं होतं, फळी गुळगुळीत हवी, आणि त्याच्याकडे खिळे आणि हातोडीपलीकडे काही नव्हतं. त्याला रंधा हवा होता, फक्त एक दिवस. दुप्पट नव्हे, तिप्पट भाडं द्यायला तयार.

दुसऱ्या दिवशी हप्ता होता. काकींनी रात्री मोजलं होतं, सहा नाणी कमी पडत होती. नेमकी सहा. खोकीवाल्यानं सहा नाणी फळीवर ठेवली.

ऊन तिसऱ्या पायरीवर आलेलं होतं. नियम तर होताच. काकींनी पेटी उघडली, रंधा काढला आणि दिला. सासूबाई दाराशी होत्या. त्या म्हणाल्या, "ही पावलं सुताराची नव्हेत."

"एका दिवसाचा प्रश्न आहे," काकी म्हणाल्या.

संध्याकाळी खोकीवाला वेळेआधी आला. रंधा स्वच्छ पुसलेला, पात्याला तेल लावलेलं. चेहऱ्यावर उपकार केल्याचा आनंद. म्हणाला, "काकी, मूठ वाकडी होती याची. हाताला रुतत होती. घरच्या विळ्यानं तासून, काचेच्या तुकड्यानं घासून सरळ करून दिली. त्याचं काही देऊ नका."

काकींनी मूठ पाहिली. गुळगुळीत होती. नवी दिसत होती.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून गेले. त्यांनी रंधा पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि पीठ मळायला गेल्या. पिठात हात घातल्यावर, अंगठा पिठात रुतून खळगा पडला तेव्हा, त्यांना कळलं. त्या तशाच पिठाच्या हातांनी खोलीत आल्या आणि मूठ हातात घेऊन बसल्या. कुठेही उंचवटा नव्हता. कुणाच्याही हाताला बसेल अशी मूठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी हप्ता गेला. त्याच दिवशी सुतार आला. गालांची हाडं वर आलेली, गळ्याला मफलर. रांगेत उभा राहिला. काकींनी पेटी दिली, आणि सांगायचं ठरवलेलं सगळं त्या विसरल्या. त्यानं नेहमीप्रमाणे झाकण उघडून आत पाहिलं. रंधा उचलला. हात मुठीवर गेला आणि थांबला. त्यानं पकड सोडली, पुन्हा धरली. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा धरून पाहिली, जणू चूक हाताचीच असेल. मागे उभा असलेला न्हावी मुठीकडे वाकून बघू लागला.

"खोकीवाल्याला एक दिवस…" काकी म्हणाल्या.

सुतारानं रंधा पेटीत ठेवला. दोन नाणी फळीवर ठेवली. "येतो, मालकीणबाई," म्हणाला आणि गेला.

वीस वर्षांत त्यानं काकींना वहिनीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

त्या संध्याकाळी पेटी परत आली तेव्हा मुठीवर चिंधी गुंडाळलेली होती, अंगठ्यापाशी जाड, गाठ मारून. चिंधीवर रक्त होतं. काकींनी गाठ सोडली, चिंधी धुतली, चुलीजवळ वाळवली आणि पुन्हा तशीच बांधायचा प्रयत्न केला. जमलं नाही. गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. सकाळी सुतारानं पेटी घेतली, त्यांची गाठ सोडली आणि तिथेच, अंगणात उभा राहून, दात आणि डावा हात लावून स्वतःची गाठ मारली. रोज संध्याकाळी काकी चिंधी धुवायच्या. रोज सकाळी तो ती पुन्हा बांधायचा.

दवाखान्याची उरलेली दोन दारं झाली, पण मुदतीनंतर आठ दिवसांनी. पात्याचे ओरखडे पृष्ठभागावर दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी पैसे कापले. काकींनी ती दारं जाऊन पाहिली. खोकल्याचं निमित्त करून गेल्या आणि दारावरून हात फिरवला. पहिली दोन दारं पाण्यासारखी होती. पुढच्या दोनांवर हात अडखळत होता. त्या कुठे हात फिरवतायत हे बघून कंपाउंडर म्हणाला, काकी, रंग लावला की कळणारही नाही.

घरी आल्यावर त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काका आधीच सगळं जाणून होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तू शब्द दिला होतास ना तिला?" आणि या वेळी आपलं वाक्य पूर्ण केलं, म्हणून काकींना ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी काकी रांग सुरू व्हायच्या आधी सुताराच्या घरी गेल्या. पेटी स्वतः उचलून नेली. पेटी जड होती, वाटेत दोनदा खाली ठेवावी लागली. खांद्यावर वळ उठला. सुतार दारात तोंड धूत होता.

काकी म्हणाल्या, "पेटी इथेच राहू द्या. भाडं नको. कर्ज पूल झाल्यावर बघू."

त्यानं तोंड पुसलं. "भाडं घ्या, मालकीणबाई. भाडं भरलं की मी तुमच्या दारात गिऱ्हाईक असतो. नाहीतर काय असेन?"

"माझं चुकलं."

"तुमचा नियम होता. ऊन तिसऱ्या पायरीवर आलं होतं." यात टोमणा नव्हता. तो खरंच हिशेब सांगत होता. त्याची बायको आतल्या दाराशी उभी होती. ती बाहेर आली नाही, पाणीही विचारलं नाही. सुतारानं पेटी उचलली आणि काकींच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत आणून दिली. रांगेत उभा राहिला. दोन नाणी ठेवून तीच पेटी परत घेऊन गेला.

त्यानंतर काकींनी दुप्पट भाड्याचा नियम काढून टाकला. हप्ता दोनदा चुकला. मुलीला त्यांनी एक महिना घरी बोलावून घेतलं, खानावळीचे पैसे वाचावेत म्हणून, आणि तिला सांगितलं की आठवण येत होती. पेढीवाल्यानं मुदतवाढ दिली, व्याजावर व्याज लावून. पण हत्यारांनी त्यांना तारलं हे खरंच. नदीकाठच्या पाच गावांत सात सावकार होते, त्यांतले चार त्या वर्षात बसले. काकींचं दार उघडं राहिलं.

पूल चौदा महिन्यांनी सुरू झाला. पहिला ट्रक गेला तेव्हा सासूबाईंनी घरात बसून सांगितलं की रिकामा चाललाय, परत येताना भरलेला असेल. तसंच झालं. पुढच्या तीन महिन्यांत एकेक करून माणसं आली, कर्ज फेडलं, आपलं हत्यार उतरवून घेतलं. शिंपीणबाई मशीन नेताना रडल्या आणि काकींनाही रडवून गेल्या. न्हावी म्हणाला, चला बाई सासरी. भिंतीवर खुंट्या उघड्या पडत गेल्या.

सुतार सगळ्यात शेवटी आला. कर्जाची पूर्ण रक्कम फळीवर ठेवली. काकींनी त्यातली थोडी बाजूला सारली, दवाखान्याच्या दारांतून कापली गेली होती तेवढी. त्यानं ती पुन्हा रकमेत सरकवली. मग पेटी उघडून सगळं तपासलं. करवती, वाकस, पटाशा, गुण्या. रंधा बाहेर काढला. त्यावरची चिंधी सोडली, घडी करून खिशात घातली. हातोडीनं धडाच्या मागच्या बाजूला दोन हलके ठोके मारले, पाचर सुटली. पाचर काढली, पातं काढलं, दोन्ही फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं.

लाकूड फळीवर राहिलं.

"हे माझं नव्हे," तो म्हणाला.

मग पिशवीतून त्यानं दुसरं लाकूड काढलं. कच्चं, काळपट, जागोजाग जळल्याच्या खुणा असलेलं. नवा रंधा, धड आणि मूठ एकाच ओंडक्याची. त्यात त्यानं ते पातं बसवून पाहिलं, बसलं. मुठीला उंचवटा होता. काका जवळ आले आणि त्यांनी विचारलं, हा कधी केला?

"संध्याकाळी."

"कशानं? संध्याकाळी तर तुझी हत्यारं इथे…"

"घरातल्या चाकूनं. आणि चुलीत सळई तापवून." त्यानं पेटी खांद्यावर घेतली. "वेळ लागला. येतो."

काकांना तो हात करून गेला. काकींना नमस्कार करून गेला.

त्या वर्षाच्या अखेरीस नदीवरच्या खालच्या गावातला एक तरुण सावकार काकींना भेटायला आला. त्याच्याकडे आता विहिरी आटल्या होत्या, लोक फेडत नव्हते. त्यानं काकींच्या खुंट्यांबद्दल ऐकलं होतं. काकींनी त्याला चहा दिला, खोली दाखवली, सगळं नीट सांगितलं. भाडं किती, वेळ कुठली, तेल कुठलं लावायचं, गंज कसा ओळखायचा. तो वहीत लिहून घेत होता. मध्येच म्हणाला, काकी, तुम्ही नसता तर पाच गावं उपाशी मेली असती, सगळे म्हणतात. काकींनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

शेवटी त्या म्हणाल्या, "एक गोष्ट लिहून घ्या. ज्याचं हत्यार त्यालाच द्यायचं. दुसऱ्याच्या हातात नाही, कितीही पैसे दिले तरी."

"का? खुंटी रिकामी राहील की त्या दिवशी."

"राहू द्यायची."

त्यानं पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. हसला. वय झालं की माणसं हळवी होतात, असं त्या हसण्यात होतं. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. अठ्ठावीस खुंट्यांपैकी एकच भरलेली होती, आणि तिच्यावर पातं नसलेला, तेल लावून चकचकीत ठेवलेला लाकडी रंधा टांगलेला होता.

"आणि हा कुणाचा? सोडवायला कुणी आलं नाही वाटतं."

दाराशी सासूबाईंनी मान वर केली.

"तो माझा," काकी म्हणाल्या आणि त्याचा कप उचलून आत गेल्या.